मनातली पळती

गुरुवारी आमचं मैदान शाळेच्या बँडपथकाकडे असायचं, म्हणून गुरुवारी आम्ही खो-खो मनात खेळायचो. हे मी आजवर ज्यांना ज्यांना सांगितलं ते सगळे हसले. हसोत. तेव्हा मलाही हसूच यायचं, आणि त्या हसण्यापायी सरांनी मैदानाला ज्या फेऱ्या मारायला लावल्या त्या जोडल्या असत्या तर मी पायी कात्रजला जाऊन परत आले असते.

सर दिवसा एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि संध्याकाळी साडेपाचला मोपेडवरून आमच्या मैदानावर यायचे. गळ्यात शिट्टी, हातात स्टॉपवॉच, तोंडात कौतुकाचा शब्द नाही. एखादी मुलगी अगदी अप्रतिम खेळली तर म्हणायचे, "हं. आज आलेली दिसतेस." एवढ्यावर ती मुलगी आठवडाभर हवेत असायची. मला ते हे वाक्य कधीच म्हणाले नाहीत, आणि मी तर एकही दिवस बुडवत नव्हते.

गुरुवारी ते आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून बसवायचे. समोर बँडवाली पोरं ढोल बडवत असायची. "डोळे मिटा. पळती सुरू. बाद झालात की बोट वर," एवढं सांगून सर घड्याळ सुरू करायचे. पळती म्हणजे पळायची पाळी. आठ मुली ओळीत एकाआड एक उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, नववी आपल्या मागे लागलेली, ओळीच्या दोन टोकांना दोन खांब, आणि आपण त्यातून हुलकावण्या देत सुटायचं. जास्तीत जास्त नऊ मिनिटं. खऱ्या मैदानावर दोन मिनिटं टिकली तरी ती मुलगी चांगली खेळाडू समजली जायची. मी चाळीस सेकंद टिकायचे, तेही मागे लागणारी आधीच दमलेली असेल तर.

मनात मात्र मी नऊच्या नऊ मिनिटं टिकायचे. दर गुरुवारी. मी मलाच लांबून दिसायचे, टीव्हीवर दिसावं तशी. आमच्या घरी नुकती केबल आली होती, त्याचाही परिणाम असेल. वेणी उडतेय, लोक ओरडतायत, मी खांबाला वळसा घालतेय. बक्षीस द्यायला येणाऱ्या पाहुण्याला आमच्या मुख्याध्यापिकांचा चेहरा असायचा, कारण दुसऱ्या कुठल्या पाहुण्याची मला ओळख नव्हती. सर "वेळ संपली" म्हणाले की मी डोळे उघडायचे ती ताजीतवानी.

शेजारी माझी ताई बसलेली असायची. माझ्याहून तीन वर्षांनी मोठी, आणि जिल्ह्याच्या संघात. ती दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आसपास बोट वर करायची. कपाळावर घाम. डोळे मिटलेले असताना तिच्या पोटऱ्या बारीक थरथरायच्या, झोपलेल्या मांजराचे पाय थरथरतात तशा.

एका गुरुवारी मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सर, ही मनातसुद्धा बाद होते. मनात कशाला बाद व्हायचं माणसानं?"

सरांनी घड्याळावरून नजर उचलली. "काल मैदानावर ही किती टिकली?"

"दोन पन्नास."

"आज मनात?"

"दोन अठ्ठेचाळीस."

"आणि आपण?"

आपण म्हणजे मी. सर रागावले की आम्हाला आपण म्हणायचे. मी म्हटलं, "काल चाळीस सेकंद. आज नऊ मिनिटं."

"म्हणजे आपण मनात खो-खो खेळत नाही. आपण मनात मांडे खाता. ज्याला मनात बाद होता येतं, त्याला खेळ येतो. सहा फेऱ्या."

घरी आल्यावर मी ताईला विचारलं की डोळे मिटल्यावर तिला नेमकं दिसतं तरी काय. ती वेणी सोडत बसली होती. "दिसत काही नाही गं. मागचीचा श्वास ऐकू येतो. खो दिला की पाठीला कळतं. मग पाय वळतात."

"आणि प्रेक्षक?"

"कुठले प्रेक्षक?"

बक्षीस समारंभाचं मग मी विचारलंच नाही.

त्या वर्षी ताईची राज्याच्या संघासाठी निवड होईल असं सगळे धरून चालले होते. राज्याच्या संघातून खेळली की खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी, हा तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरातला सरळ रस्ता होता. बाबांच्या कारखान्यात स्वेच्छानिवृत्तीचे अर्ज वाटले जात होते. स्वेच्छा कुणाची, हे विचारायचं नव्हतं. मला संगणकाच्या क्लासला घातलं होतं, कारण गल्लीतली सगळीच मुलं संगणकाच्या क्लासला जात होती. ताईला घातलं नाही. आई म्हणायची, "हिला क्लास कशाला? हिची नोकरी हिच्या पायात आहे."

आणि जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात तोच पाय गेला. खांबाशी ती वळली, अंग वळलं, आणि पाऊल मातीत रुतून तिथंच राहिलं. मी समोरच उभी होते. ती ओरडली नाही. गुडघा दोन्ही हातांनी धरून खाली बसली आणि सरांकडे बघत राहिली, आपलं काहीतरी चुकलं असं तोंड करून. अजून आठवलं की मला त्या मातीचाच राग येतो.

सहा आठवडे मांडीपर्यंत प्लास्टर. निवड चाचणी अकरा आठवड्यांवर. पळता येईल का, असं बाबांनी विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, "बघू." डॉक्टरांचं बघू आणि आमच्या पेठेतल्या दुकानदाराचं "उद्या या" यांत फारसा फरक नसतो, हे आम्हाला माहीत होतं, पण आम्ही बघू हाच शब्द धरून बसलो.

तिसऱ्या दिवशी सर घरी आले. आईनं चहाचं विचारलं, तर "घेऊन आलोय" म्हणाले. ताईच्या पलंगाशी थोडा वेळ उभे राहिले आणि मग हातातलं स्टॉपवॉच काढून माझ्या हातात ठेवलं. त्या घड्याळाला आम्हा मुलींना बोट लावायचीसुद्धा परवानगी नव्हती.

"रोज एक पळती," सर म्हणाले. "तिनं डोळे मिटले की सुरू, बोट वर आलं की बंद. शनिवारी मैदानावर येऊन मला वेळ सांगायची. आणि तू स्वतः मनात खेळू नकोस. एकीनं तरी शुद्धीवर असलं पाहिजे."

मग रोज दुपारी, एका संगणकावर तिघी बसायच्या तो क्लास आटोपून आले की मी ताईच्या उशाशी घड्याळ घेऊन बसायचे. ती डोळे मिटायची. प्लास्टरमधून बाहेर आलेली पाच बोटं हलायला लागायची. दोन चाळीस. दोन पन्नास. एकदा तर तीन मिनिटं पाच सेकंद. आई दारात मटार सोलत बसलेली असायची. म्हणायची, "पलंगावर पडून घामाचे कपडे धुवायला टाकणारी ही पहिलीच." पण ताईचं बोट वर येईपर्यंत आईचे हातही थांबलेले असायचे. मी ते पाहिलं होतं. त्या सहा आठवड्यांत माझं ताईवर जेवढं प्रेम होतं तेवढं आधी कधी नव्हतं. एरवी आम्ही आरशासाठीसुद्धा भांडायचो.

प्लास्टर निघालं तेव्हा आत पडवळासारखा पाय होता. ती भिंतीला धरून न्हाणीघरापर्यंत गेली आणि परत आली. त्या दुपारी तिनं डोळे मिटले, मी घड्याळ सुरू केलं, आणि लगेच बोट वर आलं. चौदा सेकंद. मला वाटलं, माझंच बटण चुकून दाबलं गेलं. दुसऱ्या दिवशी एकोणीस. तिसऱ्या दिवशी अकरा.

"काय होतंय तरी काय?" मी विचारलं.

"खांबाशी वळते, आणि गुडघा बरोबर येत नाही."

"अगं, मनातला गुडघा आहे तो. मनातला कसा दुखेल?"

"दुखतो."

"मग जुना घे की. आधीचा."

ती माझ्याकडे बघून हसली. "कुठं ठेवलाय?"

दारातून आई म्हणाली, "मन चिंती ते वैरी न चिंती. दुसरं काय." मी दोघींवरही चिडले. दोन्ही पाय मोडले असते तरी मी मनात नऊ मिनिटं पळून दाखवलं असतं, असं मी ताईला तोंडावर म्हटलं. ती शांतपणे म्हणाली, "तेच तर."

शनिवारी मी मैदानावर गेले. सरांनी विचारलं, "किती?" आणि मी म्हटलं, "दोन चाळीस."

चौदा सेकंद हे शब्द माझ्या जिभेवर येईनात, एवढंच. सर हसले. सरांचे दात मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आता ते हसल्यावर मी खरं काय कपाळ सांगणार होते? पुढच्या शनिवारी मी दोन पंचेचाळीस सांगितलं, त्याच्या पुढच्या शनिवारी दोन पन्नास. संशय येऊ नये म्हणून प्रगतीसुद्धा बेताबेतानं केली. पुढं सॉफ्टवेअरच्या चाचण्यांचे निकाल तपासायचीच नोकरी मला लागली, आणि कुणी फार गुळगुळीत आकडे आणून दिले की मला लांबून वास येतो. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक.

निवड चाचणीच्या यादीत सरांनी ताईचं नाव घातलं. डॉक्टरांनी हलकं पळायला परवानगी दिली होती, त्यामुळं ताईला वाटलं, सरांनी मायेपोटी घातलं असेल. बाबांनी त्या दिवशी रजा घेतली. आईनं तिच्या हातावर दही घातलं. मी घड्याळ घेऊन मागे मागे.

मैदानाच्या कडेला पायऱ्या होत्या. तिथं बसून ताईनं गुडघ्याचा पट्टा नीट केला आणि डोळे मिटले. सवयीनं मी बटण दाबलं. बारा सेकंद. बोट वर आलं. ती उठली आणि सरळ सरांकडे गेली. मीही गेले, कारण न जाऊन काय करणार होते?

"सर, माझं नाव काढा."

"का?"

"मनात बाद होतेय. खांबाशी. प्लास्टर निघाल्यापासून रोज. पंधरा सेकंदांच्या वर जातच नाही."

सर माझ्याकडे वळले. "मग ते दोन पन्नास कुठून आले?"

मी माझ्या चपलांकडे बघत राहिले. सरांनी माझ्यासाठी फार वेळ घालवला नाही. ताईला म्हणाले, "हिच्या मनातले असतील. हिच्या मनात सगळंच फार वेळ टिकतं." मग त्यांनी यादीवर रेघ मारली, राखीव मुलीला हाक दिली, आणि टेबलामागं पाठ करून उभे राहून चष्मा पुसत राहिले. चष्मा काही तेवढा मळलेला नव्हता.

आम्ही दोघी पायऱ्यांवर बसलो. मी रडत होते आणि ती रडत नव्हती, म्हणजे सगळं उलटंच होतं. माझ्या खोटेपणामुळं तिला सगळ्या मैदानासमोर स्वतःच्या तोंडानं नाही म्हणावं लागलं होतं. मी तिची माफी मागितली. तिनं माझ्या हातातलं घड्याळ घेतलं, काटा शून्यावर आणला आणि विचारलं, "शेवटी दोन पन्नासवर नेलंस मला?"

"हो."

थोड्या वेळानं ती म्हणाली, "कशी पळत होते गं मी?"

मी सांगितलं. मैदानात कशी उतरलीस, पहिलीला कसं चुकवलंस, खांबाला वळसा घालून कशी उलट्या बाजूनं सुटलीस. मी रंगवून रंगवून सांगत होते आणि ती डोळे मिटून ऐकत होती. माझं लक्ष तिच्या पायाकडे गेलं. पोटरी जराही हलत नव्हती.

त्यानंतर ती स्पर्धेत कधी उतरली नाही. बाबांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज भरला. पायातली नोकरी गेली ती गेली. ताईनं शारीरिक शिक्षणाचा अभ्यासक्रम केला आणि धायरीच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाली. मी त्या संगणकाच्या क्लासच्या जोरावर, स्वतःच्या फारशा कर्तृत्वाशिवाय, लाटेबरोबर वर गेले. परदेशी फेऱ्या झाल्या, फ्लॅट झाला, पाठदुखी झाली. ते स्टॉपवॉच सरांनी परत मागितलं नाही आणि नेऊन द्यायचं धाडस मला झालं नाही. सर गेल्याचं कळलं त्या दिवशी मी ते ताईला देऊन टाकलं.

आमच्या कंपनीत एक काम असं आलं, की रुग्णालयातल्या यंत्रांनी काढलेली मेंदूची चित्रं पडद्यावर रंगवून दाखवायची. जिथं हालचाल जास्त तिथं तांबडं, कमी तिथं निळं. आम्हाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून समजावून सांगायला एक वयस्कर डॉक्टर यायचे. चहाच्या वेळी मी त्यांना विचारलं, "डॉक्टर, खेळाडू नुसता डोळे मिटून मनात खेळला तर इथं काय दिसेल?"

"खेळाडू केवढा आहे त्यावर आहे," ते म्हणाले. "असं बघा, नवशिका माणूस मनात खेळतो तेव्हा घरातल्या सगळ्या खोल्यांतले दिवे लावून बसतो. मुरलेला खेळाडू लागतील तेवढ्याच खोल्यांतले लावतो. पण त्या खोल्यांत खरंच काम चाललेलं असतं. माणसागणिक फरक असतो, पण साधारण असं."

"आणि त्याचा गुडघा गेला तर?"

त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. "मेंदू अंगाची खबर ठेवतो हो. अंग बदललं की आज ना उद्या तोही मान्य करतो. आपल्याइतका हट्टी नसतो."

मी जिन्यात जाऊन ताईला फोन केला. म्हटलं, "तुझ्या डोक्यात दोन-तीनच दिवे लागायचे. माझ्या डोक्यात सगळी रोषणाई."

"आईला सांग," ती म्हणाली. "विजेचं बिल तीच भरत होती."

मला हसू आलं, आणि जिन्यातच डोळ्यांत पाणीही आलं. इतकी वर्षं मला आतून वाटत होतं की तिनं मनातून हार मानली. जिद्द कमी पडली. माझ्यासारखी धरून बसली असती तर गुडघा आला असता. तिनं हार मानली नव्हती. तिला खोटं खेळताच येत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पाठीनं फारच मनावर घेतलं. ताई म्हणाली, "खुर्ची सोड आणि मैदानावर ये." मी गेले. तिच्याकडे बारा-तेरा वर्षांच्या मुली येतात. कुणाचे आईवडील विदर्भातून इथं कामाला आलेले, कुणाचे माझ्यासारखेच कंपनीतले. त्या सगळ्या मला मावशी म्हणतात आणि बाद करताना अजिबात मान राखत नाहीत. पहिल्या दिवशी नऊ सेकंद टिकले. पडले, खरचटलं, चिडले, परत गेले. हळूहळू तीस झाले, पन्नास झाले. गेल्या महिन्यात एका शनिवारी एक मिनिट पाच सेकंद झाले, तेव्हा मी घरी पेढे नेले.

ताईचं मैदान गुरुवारी मोकळंच असतं. पण गुरुवार म्हणजे गुरुवार. ती मुलींना व्हरांड्यात बसवते, सरांचं घड्याळ काढते आणि म्हणते, "पळती सुरू." परवा मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. भिंतीला पाठ लावून बसले, डोळे मिटले.

प्रेक्षक आले नाहीत. मी त्यांची वाट बघायलाही विसरले. श्वास ऐकू येत होता, पहिला माझा, मग मागचीचा. ओळीतून आत घुसले, बाहेर आले, पाठीला काहीतरी कळलं, वळले. खांब जवळ आला. आणि खांद्यावर थाप पडली. माझं बोट आपोआप वर गेलं.

शेजारची मुलगी कुजबुजली, "मावशी, तुमचा पाय व्हायब्रेट होत होता." पलीकडची एक ताईला सांगत होती, "मॅम, मी फुल नाइन मिनिट्स टिकले." ताई तिला म्हणाली, "अभिनंदन. चार फेऱ्या." मग ती घड्याळ घेऊन माझ्याकडे आली. खाली बसायला तिला अजून भिंतीचा आधार घ्यावा लागतो.

"एक मिनिट दोन," ती म्हणाली. "बाद झालीस?"

"झाले."

"कुणी केलं?"

"तू."

तिनं घड्याळावरून नजर काढली. "मी कुठं पळते आता?"

"आज पळालीस. खांबाशी गाठलंस मला."

"आणि गुडघा?"

आयुष्यात एकदा मी याच माणसाला खोटा गुडघा दिला होता. मी म्हटलं, "दुखत होता. लंगडत होतीस तू. तरी पोचलीस."

तिचं नाक लाल झालं होतं. मग तिनं काटा शून्यावर आणला, भिंतीला धरून उठली आणि जाता जाता म्हणाली, "हं. आज आलेली दिसतेस."